‘हे’ने केलेला घोळ: दिस, दॅट, दीज, दोज शिकवतानाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली, वर्ग परत भरला. अशोक चौकाच्या मागच्या अंगाला, यंत्रमागांच्या वस्तीत आमचं घर. पुढच्या खोलीत संध्याकाळी साडेसहा ते आठ मुलं येतात, तिसरी ते पाचवीची, एकूण १४. घरात तेलुगू बोलणारी ६, मराठी ५, उर्दू २ आणि कन्नड १. सोलापूरच्या या भागात राहणाऱ्या कुणाला यात नवल वाटणार नाही.

या दोन महिन्यांत एकच काम हातात घेतलंय. दिस, दॅट, दीज, दोज. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, म्हणजे ही पोरं पहिल्या दिवसापासून ‘दिस इज अ बॉल’ घोकत आलीत. तरी पाचवीतली मुलगी मला ‘दिस बुक्स इज माय’ म्हणते. दुसरं कुणी हेच करायला बसलं तर त्याचे चार दिवस वाचावेत म्हणून लिहून ठेवतेय.

आज चाचणी घेतली. फळ्यावर दहा मराठी वाक्यं, शेजारी त्यांचं इंग्रजी, आणि या चार शब्दांची जागा रिकामी. १४ मुलं, १४० जागा. चुकल्या ६३. आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि वह्या कपाटात टाकल्या. (नंतरची भर: तिथंच चुकले, पण ते कळायला दोन आठवडे गेले.)

१९ नोव्हेंबर

नवी पेठेतून दोन तक्ते आणले. ९० रुपयांना एक. एका तक्त्यावर मुलगा सफरचंदावर बोट ठेवून उभा, खाली दिस. शेजारी तोच मुलगा लांबच्या झाडाकडे हात करतोय, खाली दॅट. दुसऱ्यावर तेच, पण सफरचंदं चार. लॅमिनेशनचे ६० वेगळे. भिंतीवर लावल्यावर खोली एकदम शाळेसारखी दिसायला लागली. मी खूश.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. वर्ग नाही.

२२ नोव्हेंबर

तक्ता फसला. तिसरीतल्या पोरीला सफरचंदावर छडी ठेवून विचारलं, तर म्हणाली दॅट. परत विचारलं, परत दॅट. चुकलं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, “काकू, ते तिकडं भिंतीवर हाय की.”

बरोबरच होतं तिचं. ती दाराशी बसलेली, तक्ता समोरच्या भिंतीवर, आठ फुटांवर. तिच्या जागेवरून सफरचंदही लांब आणि झाडही लांब. तक्त्यातल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उलट जी पोरं तक्ता पाठ करून बरोबर उत्तरं देत होती, ती खोलीतल्या वस्तूंना काहीही म्हणत होती. सफरचंद म्हणजे दिस आणि झाड म्हणजे दॅट, एवढंच त्यांनी घेतलेलं.

२४० रुपये पाण्यात. तक्ते काढले नाहीत, भिंतीचा पोपडा झाकतात.

२६ नोव्हेंबर

खोलीच्या मधोमध सुतळी टाकली. अलीकडे जवळ, पलीकडे लांब. माझे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यांनी सेकंडच्या मालातले वीसेक नॅपकिन आणि रिकाम्या बॉबीन आणून दिल्या. त्या दोन्हीकडे मांडल्या.

सुतळीच्या पलीकडे बसलेल्या चौघांनीही माझ्या बाजूच्या बॉबीनला दिस म्हटलं. त्यांच्या डोक्यात सुतळीच शिरली, स्वतःपासून वस्तू किती लांब आहे ते राहिलं बाजूला. सुतळी गुंडाळली. खर्च शून्य, वेळ एक संध्याकाळ.

२९ नोव्हेंबर

हे मात्र जमलं. जोड्या समोरासमोर बसवल्या आणि प्रत्येक जोडीला एकच बॉबीन दिली. जिच्या हातात ती दिस म्हणणार, समोरची दॅट. मग बॉबीन समोरचीच्या हातात द्यायची आणि शब्दांची अदलाबदल करायची. पंधरा मिनिटांत सगळ्यांना समजलं. नाही तरी आपल्या घरात हा-तो, इदि-अदि, ये-वो दिवसभर चालूच असतं. जवळ-लांब हे पोरांना जन्मतः येतं, शिकवायला मीच निघाले होते.

शेवटी तीच दहा वाक्यांची चाचणी परत घेतली. चुका ५८.

दोन आठवड्यांत पाच चुका कमी. रात्री जेवण गेलं नाही.

२ डिसेंबर

कपाटातल्या वह्या काढल्या आणि किती चुकलं ते सोडून काय चुकलं ते बघितलं. लाल पेनाने दोन रकाने पाडले. पहिल्या चाचणीतल्या ६३ चुकांपैकी जवळ-लांबच्या ११. एक-अनेकच्या ५२.

म्हणजे जे पोरांना येत होतं ते मी दोन आठवडे शिकवत बसले, आणि जे येत नव्हतं त्याला हातच लावला नाही. हे रकाने पहिल्याच रात्री पाडायला हवे होते. अर्ध्या तासाचं काम होतं.

मग मराठी बोलणाऱ्या पाच जणांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या. चुका सगळीकडे पसरलेल्या नव्हत्या. ‘ह्या वह्या’ला बहुतेकांनी दीज लिहिलेलं. ‘हा आंबा’ला दिस. घोळ होता तो ‘हे आंबे’ आणि ‘ही फुलं’ इथं. पाचही जणांनी दोन्हीकडे दिस लिहिलं होतं.

मी स्वतःशी मोठ्याने म्हणून बघितलं. हे पुस्तक, हे आंबे. ही वही, ही पुस्तकं. ‘हे’ एकालाही चालतो आणि अनेकांनाही, ‘ही’चंही तसंच. आपण आंबे पुल्लिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी म्हणून मनातल्या मनात बरोबर लावतो आणि पुढे जातो. पोराला इंग्रजी शब्द शोधायचा असतो तेव्हा त्याच्या हातात फक्त ‘हे’ असतं. त्याने शाळेत पाठ केलेलं असतं हे म्हणजे दिस. मग ‘हे आंबे’ म्हणजे दिस मँगोज. त्याच्या बाजूने बघितलं तर चूक कुठंय? लांबच्यालाही तेच. ते झाड, ते आंबे. ती वही, ती पुस्तकं.

मी स्वतः मराठी माध्यमात शिकले, बी.ए.ला इंग्रजी घेतलं, आणि हे आज दिसलं.

४ डिसेंबर

आज तेलुगू पोरांच्या वह्या. त्यांच्यात वेगळीच गंमत. ‘दीज आर बुक्स’ सहाही जणांचं बरोबर, पण ‘दीज बुक्स आर न्यू’च्या जागी ‘दिस बुक्स’. वाक्यागणिक तसंच.

शेजारणीच्या सासूबाईंना विचारलं. त्या विड्या वळत बसल्या होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, “इदि पुस्तकम, इवि पुस्तकालु. अदि, अवि.” चार शब्द, आणि चारही इंग्रजीच्या चार शब्दांवर नेमके बसतात. मग म्हणाल्या, “पण ई पुस्तकम, ई पुस्तकालु.” वस्तूच्या नावाला चिकटून आलं की ‘ई’, मग पुस्तक एक असो की दहा. पोरांची चूक जिथं होती तिथंच हा ‘ई’ होता.

आमच्या वर्गातला एकुलता एक कन्नड पोरगा इदु-अदु-इवु-अवु म्हणतो. त्यालाही चिकटून आलं की ‘ई’च. उर्दूवाल्या दोघांचं तर विचारूच नका, ये किताब आणि ये किताबां, दोन्हीकडे ये. लिहिण्यातली उर्दू काय म्हणते ते वेगळं, बोलण्यात एकच.

एका खोलीत चार भाषा, आणि चुकायची प्रत्येकीची वाट वेगळी. मी सगळ्यांना एकच तक्ता दाखवत होते.

तेलुगू पोरांना फळ्यावर इदि-दिस, अदि-दॅट, इवि-दीज, अवि-दोज असं लिहून दिलं आणि सांगितलं, ‘ई’ला इंग्रजीत बंदी, तिथंही इवि म्हणायचं. “इवि पुस्तकालु न्यू” असं बोलताना ती पोट धरून हसत होती, पण लिहिताना चुकली नाहीत. घरच्या भाषेतून इंग्रजी शिकवू नये असं सांगणारे भेटतात. त्यांना माझ्या खोलीत अर्धा तास बसवायला आवडेल.

९ डिसेंबर

मराठी पोरांसाठी युक्ती सापडली. ‘हे’ फसवतं, पण वाक्याचं शेपूट फसवत नाही. हे पुस्तक आहे. हे आंबे आहेत. म्हणून नियम केला, आधी मराठी वाक्य शेवटपर्यंत म्हणायचं, मग शेपूट बघायचं. आहे आलं तर दिस किंवा दॅट, आहेत आलं तर दीज किंवा दोज. आमच्याकडे हाय आणि हायेत, तरी चालतं.

अडीचशे ग्रॅम शेंगा आणल्या, ३५ रुपये. प्रत्येकापुढे कधी एक, कधी मूठभर. ही शेंग आहे, दिस. ह्या शेंगा आहेत, दीज. ही फुलं आहेत, दीज! पोरं खुळ्यासारखी खूश. इज-आरही त्याच्याबरोबर आपोआप आलं, कारण आहे म्हणजे इज आणि आहेत म्हणजे आर हे त्यांना आधीच येत होतं. साडेसातपर्यंत शेंगा संपल्या. उद्यापासून आधी वाक्य, मग शेंग.

११ डिसेंबर

युक्तीला पहिलं भोक पडलं. कुटुंबाच्या फोटोवर पाच वाक्यं लिहायला दिली होती. अकरा वह्यांत निघालं: ‘दीज आर माय फादर’.

अर्थात. हे माझे बाबा आहेत. शेपूट ‘आहेत’. नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता.

पाचवीतला एक जण वाद घालायला लागला. “पण काकू, दिस इज म्हटलं की ‘हा माझा बाबा आहे’ असं झालं. बाबांना अरेतुरे कसं करायचं?” वर्ग त्याच्या बाजूने. मी सांगितलं, इंग्रजीत या शब्दांना मान देता-घेता येत नाही, राष्ट्रपतींची ओळख करून देतानाही दिस इजच म्हणतात. त्याला पटलं नाही. तो ‘दिस इज माय फादर’ लिहितो, पण ‘फादर’च्या पुढे जी लावतो. मी खोडत नाही.

१३ डिसेंबर

दुसरं भोक, आणि हे मोठं. वाक्य होतं: हे पैसे माझे आहेत. उत्तर आलं, ‘दीज मनी’. हे केस लांब आहेत, ‘दीज हेअर’. हे तांदूळ, ‘दीज राइस’. मराठीत पैसे, केस, तांदूळ, पोहे सगळे अनेकवचनी, इंग्रजीत मनी, हेअर, राइस एकवचनी. आणि नेमकं उलटं ‘ही कात्री’, ‘हा चष्मा’, ‘ही पँट’ यांचं. आपल्याकडे एक कात्री, त्यांच्याकडे सिझर्स अनेकवचनी, म्हणून दीज.

महिन्यापूर्वी यातली निम्मी पोरं ‘दिस मनी’ म्हणायची, न कळता का होईना बरोबर म्हणायची. ते मी बिघडवलं.

आधी वाटलं, मोजता येतं का असं विचारायला शिकवावं. विचारलं, “पैसे मोजता येतात का?” सगळे एका आवाजात, “होऽऽ!” किराणा दुकानदाराचा पोरगा तर माझ्याकडे असा बघत होता, की काकूंना एवढंही माहीत नाही? खरंच आहे, आपण पैसे मोजतोच. मी म्हटलं, मोजतो ते रुपये, नोटा, नाणी. त्याने मान हलवली, पण मला बरं वाटावं म्हणून.

हा नाद सोडला. जुन्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहून टांगल्या. वरची ओळ: मनी, हेअर, राइस, फर्निचर, होमवर्क, यांना कायम दिस-दॅट. खालची: सिझर्स, ग्लासेस, ट्राउझर्स, यांना कायम दीज-दोज. कारण विचारायचं नाही, पाठ करायचं. दर चार ओळींमागे एखादी गोष्ट अशी निघतेच, तिथं नियम ताणत बसण्यापेक्षा यादी बरी.

१८ डिसेंबर

सात वाजता लाइट गेली. पलीकडच्या कारखान्यातले माग एकदम थांबले. आम्ही मेणबत्ती लावून तोंडी सराव चालू ठेवला, आणि त्या शांततेत पहिल्यांदा नीट ऐकू आलं. अर्धी पोरं दीजच्या जागीही ‘दिस’च म्हणत होती. लिहिताना दीज लिहायची, बोलताना दिस. मागांच्या खडखडाटात इतके दिवस मला दोन्ही सारखंच ऐकू येत होतं, आणि त्यांनाही माझं तसंच ऐकू येत असणार. मी महिनाभर ओरडून काय शिकवत होते कोण जाणे.

दोन फरक आहेत. दीजमधली ई लांब, आणि शेवटी स नाही. तो ज ‘जीवन’मधला नाही, ‘आज’मधल्या ज च्या जवळचा, आणि जीभ न टेकवता घुमवायचा. उर्दूवाल्या दोघांना तो पहिल्या फटक्यात आला, ज़मीन आणि बाज़ार त्यांच्या घरातलेच. आजपर्यंत मागे बसणाऱ्या त्या दोघांना पुढे बोलावलं आणि शिकवायला लावलं. त्यांनी बाकीच्यांना गळ्यावर बोट ठेवायला सांगितलं. स म्हणताना गळा गप्प, दीज म्हणताना गुणगुणतो. ही युक्ती मी सांगितलेली नाही, त्यांचीच.

एकाला ‘दिस’ ऐकून ‘दिस मावळला’ आठवायचं. त्याला तसंच लक्षात ठेव म्हटलं. दिवस एक, म्हणून दिस एकवचनी.

आता तोंडी सराव माग बंद असतील तेव्हाच, म्हणजे मालक जेवायला घरी जातो त्या वीस मिनिटांत.

३० डिसेंबर

‘तो शाळेत जातो’चं ‘दॅट गोज टू स्कूल’ केलं तिघांनी. आपला ‘तो’ म्हणजे इंग्रजीतलं ‘ही’ पण आणि ‘दॅट’ पण. चालणारं-बोलणारं माणूस असेल तर ही-शी, असं सांगितलं. एका संध्याकाळीत निभावलं.

६ जानेवारी २०२५

तीच दहा वाक्यं, पण क्रम बदलून. चुका १९. त्यातल्या आठ पैसे-केस-कात्री जातीच्या. जवळ-लांबच्या दोन, आणि त्या दोन्ही एकाच पोराच्या, त्याला ताप होता.

आतापर्यंतचा खर्च: तक्ते आणि लॅमिनेशन २४०, शेंगा तीन वेळा मिळून १०५, खडू २०. उपयोगी पडल्या शेंगा. वाया गेलेले दिवस: १८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, सरळ सरळ दोन आठवडे. पुन्हा सुरुवात करायची झाली तर आधी वह्या बघेन, मग दुकानात जाईन.

१३ जानेवारी

सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. वर्ग बंद, पण सहा पोरं आणि त्यांच्या आया मिळून मिरवणुकीच्या वाटेवर एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर उभे होतो. गर्दी इतकी, की पोरांना नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या सात उंच काठ्यांचे, फक्त शेंडे दिसत होते. शिकवायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते.

तिसरीतल्या त्या तक्त्यावाल्या पोरीनेच सुरू केलं. लांबून शेंडे दिसले तशी बोट करून म्हणाली, “दोज!” पांढऱ्या बाराबंदीतली माणसं एकेक नंदीध्वज तोलत हळूहळू पुढे येत होती. बाकीची पोरंही लागली, दोज, दोज, दोज. पहिला नंदीध्वज पायरीसमोर आला तेव्हा सगळी अडखळली. हा एक इथं आलाय आणि सहा अजून मागे आहेत, आता काय म्हणायचं? तिने आधी वर बघितलं, मग मागे बघितलं, आणि म्हणाली, “दिस. आणि दोज.” मग दुसरा जवळ आला तसं, “दीज!” मागून “हर्र बोला हर्र” झालं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. तिच्या आईने मला विचारलं, “अक्का, काय मोजतेय ही?”

२० जानेवारी

विडी घरकुल वस्तीकडून नवीन मुलगी आली, चौथीतली, घरी तेलुगू. तक्ता दाखवला नाही. आधी इदि-इवि विचारलं, मग नॅपकिनमध्ये बांधलेल्या शेंगा समोर ओतल्या. एक उचलली, दिस. मूठ भरली, दीज. पाच मिनिटांत चालू लागली.

तेवढ्यात फादरजीवाल्याने तिच्यापुढची एक शेंग उचलून मला विचारलं, “काकू, शेंग एक, पण आत दाणे दोन. मग दिस की दीज?” वर्गात दोन तट पडले. एक म्हणे टरफल एक, दुसरा म्हणे खातो ते दाणे. मी म्हटलं, फोडायच्या आधी दिस, फोडल्यावर दीज. नवीन मुलीने शेंग त्याच्या हातातून घेतली, फोडली, तळहातावर दोन दाणे ठेवले आणि म्हणाली, “दीज.” मग एक दाणा तोंडात टाकला आणि उरलेला त्याच्यापुढे धरला.

“दिस.”